भट्टीत फुटलेली आई

"मी पोकळ केली होती ताई! शप्पथ!"

मैना कळवळून म्हणाली. धायरीतल्या हॉलमागची विजेची भट्टी उघडली, तर आत नुसते तुकडे! मोबाइल कानाखांद्यात दाबून भाकरी थापणारी तिची मातीची आई पार फुटली होती. वर त्या तुकड्यांनी शेजारच्या, जरीनाताईंच्या शिल्पाचं नाकच उडवलं होतं. ताई मातीची माणसं घडवून भाजत. बसमध्ये डुलक्या घेणारा त्यांचा हा गृहस्थ पाहूनच तर त्यांच्या सुट्टीच्या वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरची माणसं बनवली होती.

"भरीव माती फुटते, हे सांगितलं होतं," हॉलचे व्यवस्थापक गोपाळकृष्णकाका म्हणाले. "पण ऐकायला कान लागतात. उद्याच्या भट्टीत हिचे ते चहा फुंकणारे बाबा ठेवू नका. रविवारी प्रदर्शन आहे, दिवाळी नाही!"

ताईंनी नाइलाजानं मान हलवली. मैनाला ते फार लागलं. रविवारी कामावर सुट्टी टाकायला आईला तिनंच लावलं होतं!

बाकीची मुलं गेल्यावर ती तुकडे चाळत बसली. सोबत तिचा मित्र करीम होता.

"हे बघ! आतल्या बाजूला माझ्या बोटांचे ठसे आहेत. भरीव असती तर आत बोट गेलंच कसं असतं?"

"मग वाफ जायला बुडाला भोक पाडायला विसरली असशील."

"वेडा की काय! पेन्सिलीनं पाडलं होतं."

तेवढ्यात करीमच्या हाताला बुडाचा तुकडा लागला. त्यानं दाबलं, तर टुपकन एक गोल चकती बाहेर पडली. कुणीतरी भोक बुजवलं होतं!

दोघं धावत फळीपाशी गेले. उद्या भाजायच्या मूर्ती त्यांनी उलट्या करून पाहिल्या. मैनाचे बाबा, दाढीसाठी गाल फुगवलेले करीमचे अब्बा, वर्गातल्या शालूची मावशी... चौदाच्या चौदा भोकं बंद! आणि बुजवलेली माती अजून ओलसर होती.

"म्हणजे उद्या सगळ्याच फुटणार!" करीमचं तोंड उतरलं. "मैने, कुणाचं तरी आपल्याशी वैर आहे."

"शालूचा हात असेल?"

"तिचीही मावशी बुजवलीय की! खोलीची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"ताईंकडे. आणि..." मैना थांबली. "काकांकडे! म्हणूनच मघाशी एवढे तडतडत होते!"

तिनं घाईघाईनं एक ओबडधोबड माणूस केला, बुडाला चांगलं मोठं भोक पाडलं आणि फळीवर आडवा ठेवला.

"चल रे, वडापाव खाऊ!" ती मुद्दाम ओरडली, आणि दोघं मातीच्या पोत्यांमागे दडले.

पाचच मिनिटांत काका आले.

"परत भोक! काय ही आळशी कार्टी!" काका पुटपुटले. त्यांनी चिमूटभर ओली माती घेतली, भोकात दाबली आणि अंगठ्यानं झकास गुळगुळीत केली.

"सापडलात!" करीम पोत्यावरून उडी मारून ओरडला.

आवाज ऐकून जरीनाताई धावत आल्या. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"सापडलात काय? भोकं पडलेल्या वस्तू पाहुण्यांपुढे मांडणार? आठवडाभर एकटा लिंपतोय, आभार नाहीत ते नाहीतच!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, भोक बंद केलंत की ओल आत कोंडते! तापली की वाफ मूर्ती फोडूनच बाहेर पडते!"

काकांनी हातातल्या मूर्तीकडे पाहिलं, मग मैनाकडे. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तुझी आई मी फोडली," ते हळूच म्हणाले.

"ही पोर नसती तर उद्या चौदाही मूर्ती फुटल्या असत्या," ताई म्हणाल्या. "मैना, मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. चुकलंच माझं!"

ओली माती कोरून काढली, मूर्ती नीट वाळाव्यात म्हणून भट्टी दोन दिवस पुढे ढकलली. रविवारी मैनाचे बाबा टेबलावर दिमाखात चहा फुंकत होते.

"सगळे झाले, पण मी कुठाय गं?" आईनं विचारलं.

तेवढ्यात काका रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. ती भाकरी थापणारी आई होती! तुकडा तुकडा जुळवून चिकटवलेली, अंगभर भेगांच्या रेघा.

मैनानं ती हळूच उलटी केली. बुडाचं भोक काकांनी तेवढं उघडं ठेवलं होतं.