नऊ सेकंदांची आघाडी

"माझ्या मुलाला मारलंय," अशील म्हणाले. "मेकॅनिकनं. ब्रेक सैल ठेवून."

हॉटेलच्या त्या खोलीत दोघं ऐकत होते. खासगी तपास करणाऱ्या बाई आणि त्यांचे सहायक. सहायक म्हणजे बाईंचे निवृत्त दीर. ते चारचौघांतही "वहिनी" म्हणूनच हाक मारत, त्यामुळे बाई आता सगळ्यांच्याच वहिनी झाल्या होत्या. भाऊजी मनानं सज्जन होते, फक्त त्यांची ट्यूब जरा उशिरा पेटायची.

अशील स्वतः जुने सायकलपटू, आता मुलाचे प्रशिक्षक. डोंगरांतली आठ टप्प्यांची शर्यत. पाच टप्पे संपले तेव्हा मुलगा नऊ सेकंदांनी पहिला होता. काल सहाव्या टप्प्यात घाट उतरताना एका वळणावर तो वळलाच नाही. सरळ दरीत गेला.

"तुम्ही त्याला शेवटचं कुठं पाहिलंत?" वहिनींनी विचारलं.

"घाटमाथ्यावर. बर्फाळ पाऊस कोसळत होता. जाकीट, लोकरी हातमोजे आणि वर्तमानपत्र हातात धरून मी दहा मिनिटं भिजत उभा. त्यानं नुसती मान हलवली आणि काही न घेता निघून गेला. हट्टी पोरगा."

"वर्तमानपत्र?" भाऊजी म्हणाले. "सायकलवर वाचायला?"

"छातीशी कोंबायला. उतारावर वारा हाडांत शिरतो."

भाऊजी ओशाळले.

तळघरात मेकॅनिक पान्हे आवरत होता. संघानं त्याला कालच काढून टाकलं होतं आणि दुपारी पोलीस न्यायला येणार होते. वहिनींनी मोडक्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. रबरं रिमला घट्ट चिकटली.

"अकरा वर्षं त्याच्या सायकली मीच बांधल्या," तो म्हणाला. "ब्रेक चालतात, मला दिसतंय. मग त्यानं ते दाबले का नाहीत? रस्त्यावर घासल्याची एक रेघ नाही."

शर्यतीच्या डॉक्टरांनी मुलाच्या खिशातलं सामान पुढं ठेवलं. त्यात चॉकलेटची एक वडी होती. वेष्टन बंद, पण कोपऱ्यावर दातांच्या खुणा.

"भूक लागली असेल बिचाऱ्याला," भाऊजी म्हणाले.

"मग उघडलं का नाही?" वहिनी म्हणाल्या.

मुलाच्या मागोमाग चढत होता तो त्याच्याच संघातला जोडीदार. डोळे सुजलेले.

"माथ्यावर त्यानं डावा हात लांब केला," तो म्हणाला. "लोकांना हात करत असेल."

"किती लोक होते?"

"त्या पावसात? चिटपाखरू नव्हतं. त्याचे बाबा तेवढे."

वहिनी परत अशिलांच्या खोलीत आल्या आणि त्यांनी कालची पिशवी मागितली. जाकीट, हातमोजे, वर्तमानपत्र. पेपरावर कालची तारीख होती.

"हाच पेपर हातात होता?"

"हाच."

वहिनींनी तो पलंगावर पसरला, पान उलटलं. कोरी करकरीत घडी.

"भाऊजी, भिजलेला कागद वाळला की कसा दिसतो?"

"सुरकुततो. पापडासारखा." भाऊजी थांबले. त्यांनी पेपराकडं पाहिलं, मग अशिलांकडं. "अरे देवा."

"दहा मिनिटं पावसात धरलेला हा कागद नव्हे," वहिनी म्हणाल्या. "ही पिशवी तुम्ही उघडलीच नाहीत. ब्रेक शाबूत होते, बोटं नव्हती. चढावरच ती इतकी गारठली होती, की वेष्टन फाडता येईना म्हणून त्यानं दात लावले. माथ्यावर त्यानं हात लांब केला तो तुमच्याकडं. मोजे मागायला. पुढं वळण आलं तेव्हा ब्रेकवर बोटं वळलीच नाहीत."

अशिलांनी पेपराची घडी पुन्हा घातली.

"जाकीट चढवायला वीस सेकंद जातात," ते म्हणाले. "आघाडी नऊची. मी ओरडलो, थांबू नकोस, जा! माझ्या वेळी मी थांबलो होतो. दुसरा आलो."

"मग आम्हाला कशाला बोलावलंत?" भाऊजींचा आवाज चढला.

"वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगाल."

वहिनींनी पोलिसांना फोन केला. त्यांनी मेकॅनिकला न्यायचं रद्द केलं आणि फाइल अपघात म्हणून मिटवली. हातमोजे न दिल्याबद्दल कुठलं कलम लागणार? संघाच्या व्यवस्थापकांनी मात्र मेकॅनिकला परत घेतलं नाही. खेळाडू आता त्याच्या हातच्या सायकलवर बसायला धजत नाहीत, म्हणाले. पान्ह्यांची पेटी उचलून तो मागच्या दारानं गेला. वहिनींनी हाक मारली, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

निघताना अशिलांनी वहिनींना थांबवलं.

"त्याची आई आली आहे. खाली रिक्षा थांबलेली दिसतेय. तुम्हीच सांगाल का तिला?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ते तुम्हालाच सांगावं लागेल."

जिन्यात त्यांना एक बाई भेटली, धापा टाकत वर चढणारी. भाऊजींनी अंग चोरून वाट दिली. मागं दारावर टकटक झाली.

"अहो, मी आलेय. दार उघडा. काय झालं नेमकं?"

दोघं खालच्या पायरीपर्यंत पोचले, तरी टकटक चालूच होती.