वीतभर अलीकडे

बस गं रूपा, घाई काय आहे तुला? आतासारखी लाइट गेली की पळसदरीच्या या टोकाला नुसता काळोख असतो. नवनाथ फॅक्टरीतून आले की गाडीवरून सोडतील तुला भिसेगावला. तोवर चहा घे. आणि टेबलावरच्या त्या अस्वलाला हात लावू नकोस हं. आजच जोडून झालंय, अजून चालवून बघायचंय. तुझ्यासमोरच चालवणार आहे, पण आधी मांजराचं सांगते. दुसऱ्या कुणाला बोलले नाही अजून. सासूबाईंना सांगितलं तर त्या अंगारे-धुपारे करत बसतील, आणि नवनाथना सांगितलं तर ते भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघतील. तसे बघतात ना, तेव्हा माझा जीव जळतो.

हो, जळतो. तुझ्यापाशी काय लपवायचं? मेलेल्या बाईवर जळते मी. जिवंत सवत असती तर भांडले तरी असते, हिच्याशी भांडू कशी?

तुला माहितीये, साजगावच्या ज्या फॅक्टरीत नवनाथ कामाला आहेत तिथं मोटरवर चालणारे प्राणी बनतात. सुटे भाग खोक्यात भरतात आणि मुलांनी ते घरी जोडायचे. नवा प्राणी दुकानात जायच्या आधी एक खोकं आमच्याकडे येतं. मी कागद वाचून तो जोडायचा. कुठं हात अडतो, कुठला स्क्रू फिरत नाही, पाय घासतात का, फरशीवर कसा चालतो, चटईवर कसा, सगळं बघून फॅक्टरीतल्या हर्षद सरांना फोनवर सांगायचं. आधी हे काम ललिता करायची, नवनाथची पहिली बायको. काविळीत गेली ती. मग मी आले, आणि लोक म्हणाले, वनिताला सगळं आयतं मिळालं, घर, नवरा, मुलगी, वर घरबसल्या काम. काय मिळालं ते माझं मला ठाऊक.

ते काचेचं कपाट बघ. हत्ती, खेकडा, कासव, सगळे तिच्या हातचे. सेल घातले की आजही ओढलेल्या दोरीसारखे सरळ चालतात. माझा प्राणी कसाही जोडला तरी तिरका जायचा. हर्षद सरांना कळवलं की ते आधी हं हं करायचे आणि मग म्हणायचे, "ललितावहिनींचा हात काय होता हो!" दरवेळी! मी फोन ठेवायचे आणि त्या कपाटाची काच पुसायचे. फोडावीशी वाटायची म्हणून पुसायचे.

आणि हा गळ्यातला टाक. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी मंगळसूत्राशेजारी बांधला. चांदीचा पत्रा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर ठोकून काढलेली बाई. सवतीचा टाक. सासूबाई म्हणाल्या, "दुसरेपणाची हायेस ना तू, मग हे घालायलाच लागतं. तिला इसरायचं नाय. नवं लुगडं आदी तिला दाखवायचं, सणाचा घास आदी तिच्या नावानं काढायचा. मग ती तरास देत नाय." म्हणजे साडी माझी, पण आधी नेसणार ती. पुरणपोळी मी लाटायची आणि पहिला घास तिचा. तुझ्या गळ्यात कुणी असं बांधलं असतं तर तू काय केलं असतंस सांग?

पण ते सगळं मी गिळलं असतं गं. फक्त सुरभीनं मला एकदा आई म्हणायला हवं होतं. दुसरीत आहे पोर. तिची वेणी मी घालते, डबा मी करते, ताप आला की उशाशी मी बसते. आणि मी कोण? वनितामावशी. शेजारी आलेल्या बाईला म्हणावं तसं. तापात बडबडायची तेव्हा "आई, आई" करायची. मी "काय गं बाळा" म्हटलं की डोळे उघडून बघायची आणि गप्प व्हायची. ते गप्प होणं मला फार लागायचं.

दिवाळीच्या जरा आधी मांजराचं खोकं आलं. नुसतं चालणारं नव्हतं ते. पुढं दोन बारके डोळे असतात त्याचे, अंधारातही ओळखतात. समोर भिंत, पाय, खुर्ची, काहीही आलं की वीतभर अलीकडे थांबतं, मान फिरवतं आणि दुसरीकडे वळतं. सुरभीला ते भलतंच आवडलं. मी जोडायला बसले तर शेजारी येऊन बसली, आपणहून. मी विचारलं, "सुरभे, हे सरळ चाललं तर मला काय देशील?"

तिनं विचार केला. "काय देऊ?"

"मला आई म्हणशील?"

तिनं आधी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "कासवासारखं चाललं तर म्हणीन. आजच चाललं तर."

काय मनापासून जोडलंय मी ते मांजर! पाय घासून घासून गुळगुळीत केले, गिअरला ग्रीस लावलं, प्रत्येक स्क्रू अर्धा आटा मागे घेतला. बाहेर भातकापणी झालेली, खिडकीतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. सासूबाई नणंदेकडे खोपोलीला, नवनाथ दुसऱ्या पाळीला. घरात आम्ही दोघीच. दिवेलागणीला शेवटची पुडी उघडली आणि बघते तर सेलच्या कप्प्यातली पितळी पट्टी नाही. दोन सेल जोडते ना, ती. खोकं उलटं केलं, टेबलाखाली हात घातला, कुठं नाही. पुडीत घालायचीच राहिली होती. एरवी हर्षद सरांना सांगून मोकळी झाले असते.

पण सुरभी बघत होती. मांडी घालून, हनुवटीला हात लावून. तिच्या तोंडावर आलं होतं बघ, की हिला नाहीच जमत.

मी गळ्यातला टाक काढला. चांदीच ती, वीज धरतेच. आणि खरं सांगू? काढताना बरं वाटलं मला. म्हटलं, ललिता, एवढी मोठी आहेस ना, मग चालव माझं मांजर. दोरा तोडला आणि टाक कप्प्यात सरकवला. जरासुद्धा वाकवावा लागला नाही गं, त्यासाठीच कापल्यासारखा बसला.

कळ दाबली. मांजर निघालं, कुर्र टक, कुर्र टक. फरशीच्या सांध्यावरून रेघ धरून सरळ. सुरभीनं टाळ्या वाजवल्या. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, आता म्हणेल, आता म्हणेल.

तेवढ्यात लाइट गेली.

अंधारात मांजराचा आवाज येत होता. मग तो थांबला. मान फिरल्याचा बारीक आवाज आला. मी मोबाइलचा टॉर्च लावला. मांजर खोलीच्या मधोमध उभं होतं आणि समोर काही नव्हतं. साफ मोकळी फरशी. वाटलं, डोळे वाकडे बसले असतील. तपासायची सवयच आहे मला, उचललं आणि दुसरीकडून सोडलं. परत तिथंच थांबलं. तिसऱ्या बाजूनं सोडलं, तिथंच. बाकीच्या घरभर नीट चालतं, भिंतीशी नीट वळतं, आणि तेवढ्या एका जागेच्या चहूबाजूंनी वीतभर सोडून थांबतं. मधे कुणी उभं असावं तसं.

मग वास आला. मेथी घालून कढवलेल्या खोबरेलाचा. मी तेल लावत नाही गं केसांना. सासूबाईही लावत नाहीत.

"मावशी…" सुरभी हळूच म्हणाली. "नको ढकलूस ते…"

"का गं?"

"आईच्या पायावर जातंय."

मी मांजर ओढून घेतलं, उलटं केलं आणि दोन्ही सेल उपसून काढले. मुठीत घट्ट धरले, गरम लागत होते. मांजर खाली ठेवलं. म्हटलं, संपलं.

कुर्र टक.

दोन्ही सेल माझ्या मुठीत, रूपा. पोटात फक्त टाक. आणि ते चाललं… सावकाश… कपाटाकडे नाही, माझ्याकडे नाही, सुरभीकडे. तिच्यापासून जरा लांबच थांबलं. म्हणजे ती जागाही सरकली होती. आता पोरीच्या अगदी पुढ्यात होती.

सुरभीनं मान वर केली. लहान मूल उभ्या माणसाकडे बघतं तशी. आणि म्हणाली, "आई."

कसं म्हणाली सांगू? दिवसभर शाळेत असलेलं पोर दारात म्हणतं तसं, साधं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय गं बाळा?"

"तुला नाय," ती म्हणाली.

भीती वाटलीच. पण भीतीच्या आधी राग आला मला. उरावरून काहीतरी ओढून नेल्यासारखा. मी त्या मोकळ्या जागेकडे बघून बोलले, दबक्या आवाजात, पण बोलले. म्हटलं, "तू गेलीस ना? मग वेणी कोण घालतं तिची? रात्री पांघरूण कोण घालतं? एक शब्द मागते मी, एवढाच. तोही तुलाच हवा?"

बाहेर किडे ओरडायचे थांबले होते. सुरभी मान वर करून ऐकत होती… मधेच हं म्हणत होती… एकदा हसलीसुद्धा. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्याच घरात त्या दोघी बोलत होत्या आणि मी बाहेरची.

मग ती माझ्याकडे वळली.

"आई म्हणते, टाक परत गळ्यात घाल…"

"आणि?"

"मग मी तुला आई म्हटलं तरी चालेल."

चालेल म्हणे! परवानगी दिली तिनं मला. तू म्हणशील, उचलायचं पोरीला आणि पळायचं. शेजारी दत्ताभाऊंचं घर हाकेवर आहे. पण मी पळाले नाही. पळाले असते तर सुरभीला तिच्या आईपासून ओढून नेणारी मावशी झाले असते, कायमची. मी मांजराच्या पोटातून टाक काढला. बर्फासारखा गार होता तो, सेल मुठीत गरम आणि हा गार. मंगळसूत्रात ओवला आणि गळ्यात घातला.

तेलाचा वास एकदम जवळ आला. अगदी नाकाशी. मग लाइट आली.

सुरभी उठली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

रडले मी, रूपा. कांदा चिरताना रडले, तिला कळायला नको म्हणून. तेव्हापासून रोज म्हणते. आई डबा, आई वेणी, आई बघ ना. नवनाथ खूश, सासूबाई खूश. हर्षद सरांनी मांजर तपासलं, पट्टी घालून चालवलं, म्हणाले फर्स्ट क्लास. आणि माझ्या हातचे प्राणीही आता सरळ चालतात. मग तू म्हणशील, हिला अजून काय हवंय?

थांब, अस्वल घे इकडे. हेही मांजरासारखंच, डोळेवालं. खाली ठेव. आता तुझ्याकडे सोडते, हलू नकोस. बघ, आलं… थांबलं. घाल वीत. बरोबर वीतभर ना? असंच थांबायला हवं. आधीचे प्राणी नवनाथच्या पुढ्यात असेच थांबले, सासूबाईंच्या पुढ्यात असेच, कोंबडीच्या पुढ्यातसुद्धा.

आता माझ्याकडे सोड.

बघितलंस? पुन्हा सोड हवं तर. तिकडून सोड, नाहीतर दारातून. हातभर अलीकडे थांबतं ते माझ्या. मधे एक माणूस उभं राहील एवढी जागा सोडतं. खोक्यातला प्रत्येक प्राणी सोडतो. हर्षद सरांना मी हे कळवत नाही. काय कळवू?

गप्प, सुरभी आली. दिव्याचा उजेड जरा इकडे धर. आता बोलेल बघ.

"आई, लाइट कधी येणार?"

ऐकलंस ना? किती गोड म्हणते. येईल हो बाळा एवढ्यात, जा, हात धुऊन घे.

आता खरं सांग मला. तिचे डोळे बघितलेस तू. माझ्याकडे होते का?