सगळे आले?

"लादी परत कोणी भिजवल्यान? पाय पुसून येवक काय होता?"

मामंजी दाराशी पुटपुटत होते. लालबागच्या आमच्या दीड खोलीत पुटपुटणंही भाषणासारखं ऐकू येतं. मी फडकं घेऊन उठले. आठवडाभर मी लादी पुसतेय आणि "माझ्याच हातून सांडलं" म्हणतेय.

आठवड्यापूर्वी आम्ही परतलो ती सहल अंदमानची. माझ्या नवऱ्याला, विनीतला, कंपनीने दिलेलं बक्षीस: चार दिवस यॉट, रोज नवं बेट. धाकट्या दिराला, सुशांतलाही नेऊ, हा हट्ट माझा. माझ्या लग्नात तो नऊ वर्षांचा होता. स्वतःचं ताट सोडून माझ्या ताटातलं जेवायचा.

तिसऱ्या दिवशी समुद्राच्या मधोमध वाळूचा पट्टा लागला. ओहोटीपुरताच वर येणारा. विनीतला बोट लागलेली, तो यॉटवरच आडवा. बाकी पाहुण्यांना छोटी होडी दोन फेऱ्यांत ने-आण करत होती. परतीच्या दुसऱ्या फेरीला खलाशाने मला विचारलं, "सब आ गये?"

आयुष्यात पहिल्यांदा घातलेला पोहण्याचा पोशाख मी गुडघ्याकडे ओढत होते. म्हणाले, "हां हां, चलो."

सुशांत पहिल्या फेरीत गेला असणार, असं मी धरून चालले होते. जेवायला बसलो तेव्हा त्याची खुर्ची रिकामी दिसली. तोवर भरती आली होती. तीन दिवस शोधलं. सापडला नाही.

खलाशाने मोजण्यात चूक केली, असं विनीतला वाटतं. मी वाटू दिलं. खलाशी नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मामंजींना विनीतने सांगितलं, सुशांतला यॉटवरच नोकरी लागली. मामंजींनी मान हलवली, पुढे एक प्रश्न केला नाही. शेजारच्या राधाबाईसुद्धा आता नजर चुकवून कोथिंबीर मागतात.

लादी ओली व्हायची ती दारापासून मोरीपर्यंतच. मंगळवारी मोरीच्या जाळीत पांढरी वाळू निघाली. बुधवारी सुशांतचा टॉवेल दोरीवर ओला होता. वाळल्यावर पापडासारखा कडक. मी जीभ लावून पाहिली. मीठ.

गुरुवारी जेवताना पाणी घ्यायला उठले. परत आले तर माझ्या ताटातला भात एका कडेने कमी झालेला. विनीत अजून ऑफिसात, मामंजी गॅलरीत.

आज रविवार. भर दुपारी मामंजींनी नारळ काढला. आम्ही निघताना देवाला बोललेला. आमच्यात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मोठ्याने एकेक वाक्य म्हणायचं आणि मागे उभ्या घरच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, पोरां दर्यार गेली!"

"होय म्हाराजा."

विनीत आणि मी. आणि आमच्या मागून तिसरा आवाज, घशात पाणी असल्यासारखा.

विनीतने मागे वळून पाहिलं नाही. मीही नाही.

"तुझ्या भरवशार आमी हंय घरात रवलव!"

"होय म्हाराजा."

तिघांचा.

"तीनय पोरां तू घराक आणलंस!"

कुणीच बोललं नाही.

मामंजी नारळ हातात धरूनच माझ्याकडे वळले.

"बोल गो, सूनबाई."

लादीवरून आलेलं पाणी माझ्या पायांच्या तळव्यांना लागलं.

"नाही आणलं, मामंजी," मी म्हणाले. "सुशांत गेला. तो वाळूवर होता. खलाशाने विचारलं तेव्हा सगळे आले म्हणून मीच सांगितलं. मोजलं नाही मी."

माझ्या कानाशी, अगदी हळू, कुणीतरी म्हणालं, "होय म्हाराजा."