उघडी चिठ्ठी

"ताई, तू ते काऊन लिहिलं?"

कारंज्याच्या दुकानात हळद तोलता तोलता रक्षाने फोन कानाला लावला, आणि पुण्याहून आलेला धाकट्या भावाचा तो आवाज ऐकून तिच्या हातातलं माप तसंच राहिलं. भैय्याजींना, तिच्या वडिलांना लकवा मारला, त्या वर्षी वर्ध्याचं कॉलेज सोडून ती या गादीवर बसली होती... अंकित इंजिनियर व्हावा म्हणून! आणि आज तोच अंकित इतका परक्यासारखा बोलत होता.

"सायबाचं तोंड पाहावंसं वाटत नाई, हे घरातलं म्हणून तुले सांगतलं होतं. तू ते ऑर्कुटवर माह्या पानावर लिहिलं. साऱ्या हापिसानं वाचलं, सायबानंबी. सोमवारी बोलावलं आहे मले. नोकरी राह्यते का नाई..."

दिवाळीत त्यानेच बसस्टँडमागच्या सायबर कॅफेत तिचं ऑर्कुटचं खातं उघडून दिलं होतं. दर मंगळवारी दुकान बंद असलं की ती तिथे जाऊन इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. इथे बोट दाबावं आणि खुर्चीतून उठायच्या आत अक्षरं पुण्याला पोचावीत... या नवलापुढे तिचे हात आपोआप जोडले जात. पण ते लिहिणं ती चिठ्ठी समजत होती. ज्याच्या नावाची, त्यानेच फोडायची. ती चावडीवर डकवलेली नोटीस आहे, हे बापडीला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मले वाटलं, तूच वाचशील रे," ती कशीबशी म्हणाली.

"आता काईच लिहू नको, ताई."

भर बाजाराच्या दिवशी तिने दुकानाला कुलूप घातलं. कॅफेत अंकितच्या मित्रांच्या यादीत त्याचे साहेब, प्रभाकरराव, सापडले. तिने त्यांना लिहिलं: "मी अंकितची मोठी बहीण. तो तुमच्याबद्दल वाईट बोललाच नाही. त्याने घरी परत यावं म्हणून मीच ते मनाने रचून लिहिलं. खोटारडी मी आहे."

जिच्या तराजूची गिऱ्हाइकं शपथ घेत, ती हे लिहीत होती! सारं जग वाचणार, हे या वेळी तिला पुरतं ठाऊक होतं. डोळे भरून आले... आणि तिने बटण दाबलं.

बुधवारी सकाळी ती गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होती, तर दारात अंकित उभा. बॅग खाली ठेवून त्याने तिचे पाय धरले.

"सायबाले खरं सांगून टाकलं, ताई. म्हटलं, बोललो मीच. माह्या बहिणीनं जन्मात एकच खोटं लिहिलं, तेबी माह्यासाठी."

"अन् नोकरी?"

"सायब म्हणाले, आधी घरी जाऊन ये. माझं तोंड काय, आल्यावर पाहशीलच."

रक्षा रडता रडता हसली. अंकितने बॅगेतून इनलँड पत्रांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर त्याच्याच अक्षरात त्याच्या खोलीचा पत्ता.

"ऑर्कुटवर आता हापिसचं. घरचं याच्यात लिहीत जाजो."

चार दिवसांनी तो निघाला, तेव्हा तिने पहिलं पत्र त्याच्या हातातच दिलं. तिन्ही बाजू डिंकाने पक्क्या चिकटवलेल्या.

"पुण्याले गेल्यावर फोडजो."

त्यात काय होतं, ते मीही सांगणार नाही. चिठ्ठी अंकितच्या नावाची होती.