दोरीचं दुसरं टोक

दुपारचे तीन वाजले होते. मनिलातल्या इंत्रामुरोस या जुन्या शहराच्या तटाआतल्या दगडी चर्चमध्ये लग्न सुरू झालं होतं, आणि दोरी धरायला एक माणूस कमी होता.

लग्न मिंदाच्या थोरल्या बहिणीचं. तिथल्या रीतीप्रमाणे नवरा-नवरीच्या खांद्यांवर रेशमी दोरीचे दोन फास घालायचे, एक त्याच्या गळ्यात, एक तिच्या. दोरीचं एक टोक एका मुलीनं धरायचं, दुसरं एका मुलानं. मुलगी म्हणजे मिंदा. मुलगा म्हणजे आर्नेल. पाच वर्षं मिंदाबरोबर फिरून गेल्या वर्षी त्यानं दुसरीकडे जमवलं होतं. तरीही ‘एकत्र उभे राहिलात तर जुळेलही पुन्हा’ म्हणून तिच्या आईनं, नानायनं, त्याचंच नाव घातलं होतं. आता त्याचा निरोप आला होता : ट्रॅफिकमध्ये अडकलोय.

मनिलात ट्रॅफिक रोजच असतं. आलेल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना खरं कारण माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते संध्याकाळपर्यंत कळलं असतं. दोरीचं एक टोक हातात धरून, दुसरं लोंबत... मिंदाला घाम फुटला.

लग्नाची व्यवस्था पाहणाऱ्या पूरामॅडम बाहेर धावल्या. पायऱ्यांवर बारोंगचा तलम पांढरट सदरा घातलेला एक तरुण उभा होता. त्यांनी त्याचा दंड धरला.

“किती हा उशीर! चला!”

त्या दिवशी त्या पायऱ्यांवरच्या प्रत्येक पुरुषानं बारोंगच घातला होता. साडेचारला तिथेच दुसरं लग्न होतं, आणि हा तरुण, क्रिसांतो, त्या लग्नाला आला होता.

“मी या लग्नातला नाही,” मिंदाशेजारी उभं राहिल्यावर तो पुटपुटला.

“दिसतंच आहे,” ती ओठ न हलवता म्हणाली. “आमच्यातले असता तर आलाच नसता.”

“मग जाऊ?”

 तिनं फक्त दोरीचं दुसरं टोक त्याच्याकडे सरकवलं.  त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि टोक घेतलं.

“नावं तरी सांगा,” तो कुजबुजला. “कुणाला बांधतोय ते कळू दे.”

“गुपचूप बांधा हो!”

तिला हसू आलं. वेदीसमोर, सगळ्यांच्या देखत. फोटोत ते हसू स्पष्ट दिसतं. अल्बममध्ये तो अजूनही घरच्यासारखा उभा आहे, आणि आत्या-मावश्या अजूनही विचारतात, हा कोण?

“दोरीवाला,” मिंदा सांगते.

लग्न लागल्यावर बाहेर पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. “सलामत... खूप खूप आभार, कुया.”

“आभार राहू देत. पण कुया म्हणू नका. एवढ्यात मला दादा करून टाकू नका.”

क्रिसांतो लाकसामाना तटाआतच काम करायचा. बांबूच्या सायकलींवरून पर्यटकांना गल्ल्या दाखवायचा. पुढच्या रविवारी मिंदा त्याच्यासाठी डबा घेऊन गेली. नानायनं पानसितच्या शेवया केल्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी लेचे फ्लान, अंडं-दुधाचं गोड पुडिंग. मग पुतो, तांदळाचे वाफवलेले केक.

“आमची अब्रू वाचवली त्या मुलानं,” नानाय डबा भरताना म्हणायची. “अशा माणसाला नाही म्हणायचं नसतं.”

“त्यानं काही विचारलं तर ना!”

“विचारेल. तू आधी डबा ने.”

डब्यांच्या जोडीला गप्पाही वाढत गेल्या. अहो-जाहो मागे पडलं. सायकल चालवायची म्हणून दोघं निघायची आणि सायकली हातात धरून चालतच राहायची. ऑगस्टच्या एका दुपारी पाऊस आला, तेव्हा ती दोघं तटाच्या कमानीखाली थांबली. कमान लहान होती. त्याचा एक खांदा बाहेर भिजत होता.

“आत ये ना.”

“आहे की आत.”

“अर्धा आहेस.”

“बाकीचा अर्धा बोलव... येतो की नाही बघ.”

तिनं त्याच्या भिजलेल्या बाहीला धरून ओढलं. पाऊस थांबल्यावरही बाही सुटली नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी ती दोघं तटावर बसली होती. खाली, जिथे पूर्वी खंदक होता, तिथे गोल्फ चालला होता. एक चेंडू तटावर आपटून परत गेला. मिंदानं डब्याचं झाकण उघडलं. क्रिसांतोनं ते हलकेच परत लावलं.

“तुला एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “पण नाही विचारणार.”

“का?”

“तू हो म्हणशील.”

“मग?... वाईट आहे?”

“उतांग ना लोओब,” तो म्हणाला. ऋण, पण आतलं. चुकवल्याशिवाय माणसाला स्वस्थ बसू न देणारं. तिथल्या प्रत्येक घरात ते आईच्या दुधाबरोबर येतं. “तुमच्या घरी मी म्हणजे एक उपकार झालोय, मिंदा. दर रविवारी त्याची फेड खातोय. तू हो म्हणालीस तर ते मला की त्या दुपारला... मला जन्मभर कळणार नाही.”

“मला कळेल ना!”

“नक्की?”

तिनं तोंड उघडलं. त्या दुपारची लोंबती दोरी तिला आठवली, आणि पुढचं वाक्य आलं नाही. त्यानं मान हलवली, रागानं नाही.

“मोठा आला विचारी!” ती डबा उचलून म्हणाली. तट उतरेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी डबा गेला नाही. नानायनं पानसित केलं, ते घरातच संपलं. मिंदानं स्वतःला रोज तोच प्रश्न विचारला. उत्तर हळूहळू आलं. दोरी आठवली की कृतज्ञता वाटायची, हे खरं. पण तिला जास्त वेळा आठवायचा तो भिजलेला खांदा. त्या खांद्यानं तिच्यावर कसलाच उपकार केला नव्हता.

डिसेंबरचा पहिला रविवार उजाडला. त्या दिवशी गावोगावच्या मेरीमातेच्या मूर्ती फुलांच्या रथांतून तटाभोवती मिरवतात. क्रिसांतोच्या मलाबोन गावाचाही रथ होता, आणि त्याचा दोर ओढणाऱ्यांचा म्होरक्या तोच होता. मिंदा नानायला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पांढरा नवा झगा, उंच टाचा. मूर्ती बघायला आलोय, असं तिनं नानायला सांगितलं होतं.

नानायनं एकदा तिच्या टाचांकडे बघितलं.

मलाबोनचा रथ समोर आला आणि अडला. डावा दोर ओढणारा एक जण तापानं आलाच नव्हता. दोन्ही दोरांना सारखी माणसं नसली की रथ वाकडा जातो. चाक फुटपाथला घासत होतं. मागचे रथ तुंबले. कुणीतरी ओरडलं, “मलाबोन, झोपलात का?” क्रिसांतो गर्दीत माणूस शोधत होता. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि हातात दोराचं एक टोक लोंबत होतं.

मिंदानं सँडल काढून आईच्या हातात दिले.

“अगं, झगा!” नानाय ओरडली.

“धुता येतो!”

ती अनवाणी रस्त्यात उतरली आणि तिनं दोर धरला. ओशट, जाड, हाताला टोचणारा.

क्रिसांतो बघतच राहिला.

“तू मलाबोनची नाहीस,” तो म्हणाला.

“तू तरी आमच्या लग्नातला कुठे होतास?”

“मिंदा...”

“दोरीला दोर. फिटलं. आता मी तुझं काही देणं लागत नाही.” तिचा आवाज जरासा कापला. “आणि तरी मी इथेच आहे. आता विचार.”

“आत्ता? इथे?”

“तुला रिकामी दिसतेय का मी? लवकर विचार!”

“अरे, ओढा की!” मागून पुन्हा आरडाओरडा झाला. ओढायचा इशारा द्यायचं काम क्रिसांतोचंच होतं. त्याला हसू आवरेना. त्यानं मोठ्यानं हाक दिली, माणसं वाकली, रथ सरळ झाला आणि चालू लागला. चालताना तो तिच्या कानाशी काही बोलला. बँड वाजत होता. नानाय सँडल छातीशी धरून फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीनं चालत होती, पण तिलाही ऐकू आलं नाही.

अंधार पडल्यावर मलाबोनचा रथ परतला. बाकीचे ओढणारे दोर टाकून पाणी प्यायला गेले. त्या दोघांनी दोर सोडलेला नव्हता. इथवरचं खात्रीनं सांगता येतं.