उलटी भरलेली बॅटरी

लोकांना बॅटरी वापरता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. बोरीवली पूर्वेला, दत्तपाड्याच्या रस्त्यावर माझं चार्जिंगचं दुकान. नॅशनल पार्कच्या कडेला डोंगरउतारावर ज्या झोपड्या होत्या, तिथे चौऱ्याऐंशी साली विजेचा मीटर मिळत नव्हता. मग लोक गाडीच्या जुन्या बॅटरीवर दिवा लावायचे आणि बॅटरी बसली की माझ्याकडे आणायचे. मी घसा फोडून सांगायचो, अरे, पार तळाला नेऊ नका, दिवा मंदावला की काढून ठेवा, पार निचरलेली बॅटरी नंतर चार्ज धरत नाही. ऐकतो कोण!

विमला परब तर मुळीच ऐकायची नाही. डोक्यावर घमेलं, घमेल्यात मीच वापरायला दिलेली बॅटरी, आणि लुगड्याला ॲसिडची भोकं. तिचा नवरा धाकू गिरणीत होता. संपात काम गेलं आणि वर्षभरात माणूस अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"वहिनी, रात्रंदिवस दिवा कशाला जाळता? बॅटरीची वाट लावलीत."

"दिवो विझलो की ह्यांचो श्वास अडकता, नंदूभाऊ. दिवो आसा तवसर हे आसत."

मी चार्ज करून द्यायचो.

एकदा तिने आणलेल्या बॅटरीला मी मीटर लावला आणि काटा उलट्या बाजूला जाऊन आपटला. वायरी तपासल्या. बरोबर होत्या. बॅटरीच उलटी भरली होती. अधिकाचं उणे, उण्याचं अधिक.

तसं हे होतं, नाही असं नाही. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यातली एक आधी मेली, की भरलेली दुसरी तिच्यातून करंट रेटत राहते आणि मेलेली उलटी भरते. पण त्यासाठी जोडीला दुसरी लागतेच.

"दुसरी बॅटरी कुणाकडून आणलीत?"

"दुसरी खंयची? एकच आसा."

मी ती पूर्ण उतरवली, सरळ चार्ज केली, दिली. पुन्हा उलटी आली. मग पुन्हा. माझं डोकंच फिरलं. मधल्या काळात विमलाच्या हातांच्या काटक्या झाल्या होत्या, आणि ती मात्र खुशीत सांगत होती की धाकूने आज स्वतःच्या हाताने पेज घेतली, आज भिंतीला टेकून बसला. मला तिचा आनंद बघवत नव्हता. का, ते सांगता येत नाही.

शेवटी दुपारी मीटर घेऊन मीच वर गेलो. पत्र्याची खोली, खिडकी नाही, भरदुपारी आत अंधार. सुक्या मासळीचा आणि ॲसिडचा वास. धाकूच्या उशाशी बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, दोन क्लिपा, खाली बॅटरी. सगळी खोली धुंडाळली. दुसरी बॅटरी नव्हती.

विमला मधे बसली होती. डाव्या हातात धाकूचं मनगट, उजवा तळवा बॅटरीवर, दोन क्लिपांच्या मधे.

"हे काय?"

"दिवो मंद झालो की हात ठेवतंय. मग उजळता."

"काहीतरीच काय, वहिनी!" मी चिडून एक क्लिप काढली.

बल्ब जळतच राहिला.

दुसरीही काढली. वायरीची दोन्ही टोकं माझ्या हातात लोंबत होती. बल्ब जळत होता.

घाबरलो. तिचा हात धरून बॅटरीवरून उचलला. हात गार पडलेला.

बल्ब लालसर झाला. धाकूची छाती वर गेली आणि तिथेच थांबली.

"सोडा माका!" विमला किंचाळली. तिने हात हिसकला, परत ठेवला.

छाती खाली आली.

"वहिनी, तुम्ही मराल."

"मरांदे," ती म्हणाली.

धाकूने डोळे उघडले. त्याच्या पांढऱ्या केसांच्या मुळाशी काळे केस फुटले होते.

"हात काढू नको गो," तो म्हणाला.

मीटर तिथेच टाकून मी खाली आलो. नंतर वर जायला धजलो नाही, आणि विमलाही आली नाही. दुकानात कुणी घमेलं घेऊन आलं की मी हातातलं काम टाकून उठायचो. रस्त्यावरून येणाऱ्या बायकांचे चेहरे बघायची सवयच लागली.

मग एका दुपारी माझी बायको शुभा डबा घेऊन आली होती, पोळीची पुरचुंडी सोडत होती, तेव्हा दारात धाकू उभा राहिला. काळेभोर केस, भरलेले खांदे. त्याने बॅटरी एका हाताने आणून फळीवर ठेवली, वर माझा मीटर ठेवला.

"ही ठेव परत. आता गरज नाय."

"दिवा?"

"दिवो जळता."

"आणि वहिनी?"

"बसली आसा," तो म्हणाला. "पण थकली आता."

तो शुभाकडे बघत होता. शुभाने, पाहुणा समजून, त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. पेला घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली.

"ही तुझी घरकारीण मा?" त्याने मला विचारलं. "हात बरे गरम आसत हिचे."