हनुवटीवरचा तीळ

ऐकून कोणाचा विश्वास बसायचा नाही, असं फोटोवाले काका आधीच बजावत आणि मग ऐकणाऱ्याला जागचं हलू देत नसत. त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सुट्टीला आलेली पुतणी स्टुलावर बसली होती. ही गोष्ट निघाली की एरवी काकू आत निघून जाई. आज मात्र ती मटार सोलत दारातच बसून राहिली.

चाळीस वर्षांपूर्वी समोरच्या चौकात एक बहुरूपी यायचा. सकाळी राजा, दुपारी खाष्ट सासू, संध्याकाळी शिपाई. त्याच्या एकूण एक सोंगांचे फोटो काकांनी काढले होते, निव्वळ हौसेने. पुढे हुकूम निघाला. ओळखपत्र असेल त्यानेच चौकात उभं राहायचं, आणि त्यावर फोटो हवा बिनरंगाच्या चेहऱ्याचा. मुदत आठवड्याची. आता पोटावर पाय आला म्हणत बिचारा तोंड खसखसून धुऊन आला.

काकांनी फोटो काढला, तर कागदावर राजा उमटला. रंग नाही, मुकुट नाही, पण तोरा राजाचाच. दुसऱ्यांदा सासू आली, नाक मुरडून. कारकुनाने दोन्ही फोटो परत केले. मुदतीच्या दिवशी काकांनी स्वतः साबण घेऊन त्याला नळाखाली घासला, खुर्चीवर बसवला आणि म्हणाले, "आता कोणी होऊ नकोस. नुसता माझ्याकडे बघ."

तो बघत राहिला. फार वेळ बघत राहिला.

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, सख्खा भाऊही ओळखू येत नाही. हनुवटीवर तीळ दिसला, तो काकांनी सवयीने पेन्सिलीने उडवला. गिऱ्हाइकांचे तीळ उडवण्यात त्यांचा हात बसलेला. मग लाल दिव्याखाली, आंबूस वासाच्या ट्रेमध्ये, चेहरा हळूहळू वर आला.

काकांचाच. तीळ तेवढा नव्हता.

पुतणीने काकांच्या हनुवटीकडे बघितलं. तीळ जागच्या जागी होता.

"मग?"

"मग काय. फोटो घेतला, माझ्याच आवाजात 'येतो' म्हणाला आणि गेला. पुन्हा दिसला नाही."

"खोटं," काकू म्हणाली.

हातातली शेंग तिने सावकाश सोलली. "बाकी सगळं खरं सांगितलंत. मी तेव्हा समोरच्या पायरीवर उभी होते. जे गेले, त्यांच्या हनुवटीवर तीळ होता."

काका हसले. ते नेहमीचं लबाड, गोड हसू.

"अहो, इकडे या. घाम आलाय."

ते लहान मुलासारखे तिच्यासमोर वाकले. तिने फडक्याने त्यांची हनुवटी टिपली, तसा तीळ फडक्यावर उतरला. मग तिने त्यांच्याच खिशातली पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, आणि न बघताच तीळ पुन्हा रेखला.